मागच्या दारचं तळं आणि इंदूमावशीचा बोका

आमच्या मागच्या दारी माशांचं एक छोटं तळं आहे. तळं म्हणजे खणलेलं नाही. जमिनीवर बांधलेलं, गुडघ्याच्या जरा वर येईल एवढं. घरी येणारा प्रत्येक जण ते बघतो आणि विचारतो, कसं केलंत हो, गळत नाही का, डास होत नाहीत का? आणि मी सांगतो. मला सांगायला आवडतं. ब्लॉक कुठून आणले, खाली काय अंथरलं, प्लास्टिकला कोपऱ्यात घडी कशी घातली, सगळं सांगतो. एक गोष्ट सोडून. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. बायकोला तर नाहीच.

तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. किंवा मध्येच थांबवून 'जाऊ दे रे, एवढं काय त्यात' असं तुम्ही म्हणू शकत नाही, म्हणून असेल. तेवढंच मला ऐकायचं नाहीये.

आम्ही भोईवाड्याजवळ एका जुन्या दुमजली इमारतीत तळमजल्यावर राहतो. मी इथेच वाढलो. वडील गिरणीत होते, गाव कुडाळकडचं. मी जवळच्याच एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त-लघवी तपासणारा. घरामागे इमारतीची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये थोडी जागा आहे, दोन खाटा मावतील एवढी. तिथे माझ्या बायकोची, नीताची बाग. अळू, ओवा, कढीपत्ता, एक जास्वंद.

नीताच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. आता चाळीसारख्या घरातल्या बाईला वाकू नकोस म्हणायचं, म्हणजे मग तिने करायचं काय? पाणी भरायचं नाही, लादी पुसायची नाही, कुंड्यांना हात लावायचा नाही. ती मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि माना टाकलेल्या अळवाकडे बघत राहायची. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला. मी ड्युटीवर. घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं. विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो. बसलेय."

मोबाइलवर तिनेच ते कुठेतरी पाहिलं. न खणता, जमिनीच्या वर बांधलेलं माशांचं तळं. मला दाखवलं आणि म्हणाली, "एवढ्या उंचीवर असलं तर मला वाकावं लागणार नाही." कितीतरी महिन्यांनी तिने काही मागितलं होतं. मी कसा नाही म्हणणार? शिवाय खणणं शक्यच नव्हतं. आमच्या मागच्या जमिनीखालून सगळ्या इमारतीची गटाराची लाइन जाते.

जवळच एक चाळ पाडून टॉवर उठत होता. तिथल्या मुकादमाला विचारून कडा उडालेले सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या काँक्रीटचे ब्लॉक आणले. जमीन चोपून सपाट केली, पारदर्शक नळीत पाणी भरून चारी कोपऱ्यांची लेव्हल काढली. त्यात आळस करून चालत नाही. एक बाजू बोटभर खाली राहिली तरी पाणी तिकडेच धावतं. ब्लॉकचे तीन थर, वर जुन्या ओट्याच्या कडप्प्याच्या पट्ट्या, म्हणजे कडेवर बसता येतं. आत जाड काळं प्लास्टिक. पण प्लास्टिकखाली काहीतरी मऊ लागतं, नाहीतर एखादा खडा टोचतो आणि सगळं पाणी जातं. ते मऊ काहीतरी इंदूमावशीने दिलं.

इंदूमावशी आमची शेजारीण. मध्ये एकच भिंत. ती लग्न होऊन या इमारतीत आली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. पुढे तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करून ती एकटी राहिली, एकटीच म्हातारी झाली. माझं नाव दिनेश. तिच्यासाठी मी कायम 'दिन्या'. केस पिकले तरी दिन्या. नीताच्या ऑपरेशननंतर मी ड्युटीवर गेलो की तिला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, ताट वाढून हातात देणं, हे सगळं मावशीने केलं. कुणी सांगितलं नव्हतं. तळ्याचं चाललंय हे बघून ती आपली जुनी गोधडी घेऊन आली. कारखान्यातल्या चिंध्या जोडून तिनेच शिवलेली, रंगीबेरंगी.

मी म्हटलं, "मावशी, एवढी चांगली गोधडी पाण्याखाली घालायची?"

"मग काय, वर जाताना बरोबर नेऊ? टाक खाली दिन्या, टाक."

पाणी भरलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्याला चालतं, माशांना नाही; त्यांचे कल्ले जळतात. उघड्यावर ठेवलं की ते उडून जातं. हे नीताला मीच समजावून सांगितलं, जरा ऐटीतच. लॅबवाला ना मी. तिने ते इतकं मनावर घेतलं की मागे एक वेगळं पिंपच ठेवलं. तळ्यात पाणी वाढवायचं तर त्या पिंपात दोन दिवस थांबलेलंच. मग डासांसाठी गप्पी मासे सोडले. मग एका टबात लिलीचा कंद लावला. मग मी क्रॉफर्ड मार्केटमधून गोल्डफिश आणले. पिशवी आधी तळ्यातच तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत, आणि मग तोंड सोडलं. बाकीचे भराभर गेले, एक बाहेर यायलाच तयार नव्हता. नीता कडप्प्यावर बसून त्याला म्हणाली, "ये की रे बाहेर. घाबरतोस काय?" तिचा तसा आवाज मी विसरलो होतो.

त्यानंतर रोज सकाळी दोघी तिथे. कडप्प्यावर चहाचे दोन कप, एक नीताचा, एक मावशीचा. आतून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं.

आणि तिसरे भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे मावशीचा बोका. राखाडी, जाडजूड, एक कान फाटलेला. चालायचा असा की जणू साहेब हद्दीची पाहणी करायला निघालेत, म्हणून ते नाव. मावशी त्याच्याशी अहो-जाहोच करायची. "भाऊसाहेब अजून जेवले नाहीत." मला दिन्या आणि बोक्याला अहो! मासे आणले तेव्हा नीताला त्याचीच धास्ती होती, म्हणून मी तळ्यावर जाळी ताणली आणि कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. पण भाऊसाहेबांना घरी मांदेलीची डोकी मिळायची, बांगड्याची शेपटी मिळायची. ते आरामात कडप्प्यावर येत, जाळीतून जीभ घालून पाणी पीत आणि तिथेच उन्हात पसरत. मासे त्यांच्या जिभेपर्यंत येत. त्यांनी एकदाही पंजा उचलला नाही. मी स्वतः पाहिलंय. कितीदा तरी.

पुढच्या मे महिन्यात नीताच्या भाचीचं लग्न होतं, गावाला. ऑपरेशननंतरचा तिचा पहिला प्रवास. पाठीला पट्टा बांधून, पण स्वतःच्या पायांनी जाणार होती. तिला कोण आनंद झाला होता. निघताना दारातून म्हणाली, "पिंपातलंच पाणी घाला हं. नळाचं नको."

"अगं, तुला ते शिकवलं कुणी?" मी म्हणालो.

त्या दिवसांत ऊन फार होतं. तळ्याचं पाणी चांगलं चार बोटं उतरलं. पिंप बघितलं तर रिकामं, म्हणजे मीच ते भरून ठेवायला विसरलो होतो. रविवारची सकाळ होती, नळाला पाणी आलं होतं. वाटलं, थोडंसंच घालू, काय होतंय. पाइप लावला, तोंड तळ्यात सोडलं. तेवढ्यात आत फोन वाजला. शाळेतला मित्र, बऱ्याच दिवसांनी. बोलत बसलो. किती वेळ, आठवत नाही. हसत होतो एवढं आठवतं. आणि त्या आठवड्यात पाण्याला क्लोरीनचा वास येत होता. प्यायच्या पेल्यातही येत होता. मी लॅबमध्ये तसं बोललोही होतो.

बाहेर आलो तेव्हा पाणी कडप्प्यावरून वाहत होतं. मासे वर आले होते, तोंडं उघडून. मी पाइप ओढून फेकला. पण दुसरं पाणी घालायचं म्हटलं तर ते होतं कुठे? साठवलेलं थेंबभर नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. एकेक उलटा होत गेला. दुपारपर्यंत गप्पीसकट काही उरलं नाही. नीता नव्हती म्हणून मावशीही त्या दिवसांत मागे येत नव्हती.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, अशी कुणाकडूनही होते. मीही तेच म्हणतो. माशांबद्दल मला वाईट वाटतं, अजून वाटतं, पण त्यासाठी मी हे लिहायला बसलेलो नाही.

मी ते मासे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि लांब, दुसऱ्या गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. आमच्या डब्यात का नाही टाकले? बघा, म्हणजे तेव्हापासूनच डोक्यात काहीतरी चालू होतं. संध्याकाळी नीताचा फोन आला. मागे लग्नघरातला गोंधळ. ती हसत होती.

"मासे काय म्हणतायत?"

"मजेत आहेत," मी म्हणालो.

तिचा आनंद कशाला घालवायचा, असं मी स्वतःला सांगितलं. पण तसं काही नव्हतं. मला लाज वाटत होती. ज्याने ऐटीत शिकवलं, त्यानेच पाइप लावला, हे तोंडाने सांगायची लाज. बाकी काही नाही. पुढचे दोन-तीन दिवस ती रोज विचारत राहिली आणि मी रोज सांगत राहिलो, मजेत आहेत.

ती आली. बॅग दारात ठेवली आणि थेट मागे गेली. मग तिची हाक आली. मी गेलो. ती रिकाम्या पाण्याकडे बघत उभी होती. "कुठे गेले हो?" म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मांजर असेल."

निघून गेलं.

एवढी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलो. एकदम विचारलं, काही सुचलं नाही, जे तोंडात आलं ते बोलून गेलो. माणूस गडबडतो ना?

नाही. हे खरं नाही. इथे तुमच्यासमोरही मी सारवासारवच करतोय.

ती यायच्या दिवशी सकाळी मी मागे गेलो होतो. एका कोपऱ्यावरची वीट उचलून खाली ठेवली. जाळी एका बाजूने मागे ओढली, एका बोक्याला खांद्यापर्यंत आत वाकता येईल एवढी. मग दारात जाऊन उभा राहिलो आणि लांबून पाहिलं, खरं वाटतं का. मग परत गेलो आणि आणखी थोडी ओढली. भाऊसाहेब तिथेच कडप्प्यावर पडले होते. माझ्याकडे बघून त्यांनी जांभई दिली. आता मला सांगा, याला तोंडून निघून जाणं म्हणतात का?

आणखीही एक आहे. हे सांगताना हात अडतो, पण ते सोडून दिलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. आमच्या तळमजल्याच्या रांगेत बौद्धांचं घर एकच, इंदूमावशीचं. तिच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आमच्या देव्हाऱ्यात गणपती. एकमेकांकडे खाणंपिणं, उठणंबसणं, सगळं होतं. मी तर अर्धा तिच्याच घरात वाढलो. पण इमारतीत कुणाचं काही हरवलं, काही सांडलं, कुठून वास आला, तर काही लोकांची नजर आधी कुठल्या दाराकडे वळते, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्या दाराकडे बोट दाखवलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मी हे मनात धरून केलं का? तसं वाटत नाही. पण मला ते माहीत नव्हतं का? माहीत होतं.

नीता भांडली नाही. तिचा तो स्वभावच नाही. मावशीच्या दारात गेली आणि एवढंच म्हणाली, "मावशी, मी येईपर्यंत त्याला बांधून ठेवता आलं नाही का हो?" आणि रडायला लागली. मावशीला आधी काही कळेचना. मग ती मागे आली, जाळी पाहिली, खाली ठेवलेली वीट पाहिली. तिने भाऊसाहेबांकडे पाहिलं.

पहिल्या मजल्यावरचे सावंत कठड्यावरून वाकून बघत होते. "मांजराच्या फुड्यात मासो ठेवलास तर ता काय आरती करतला?" म्हणाले आणि हसले. दोन दिवसांत सगळ्या इमारतीला कळलं. मग कुणाच्या दुधात तोंड घातलं होतं, कुणाचा सुका बांगडा पळवला होता, सगळ्यांना एकेक आठवायला लागलं. मी जिन्याखाली चपला घालत होतो, तर वरून कुणीतरी म्हणालं, "त्यांच्याकडे हे असंच." त्यांच्याकडे. मी ऐकलं. चपला घातल्या आणि ड्युटीला गेलो.

आता जे सांगायला बसलोय ते.

एक-दोन दिवसांनी मावशी सकाळी आमच्याकडे आली. नीता आंघोळीला गेली होती. मी पेपर वाचत होतो. मावशी आत येऊन बसली नाही, उभीच राहिली. आणि तिने हात जोडले.

"तुमचं फार नुकसान झालं माझ्यामुळे," म्हणाली. "त्या पोरीचा जीव होता हो त्या माशांत. मी लक्ष ठेवायला पाहिजे होतं. मला माफ करा."

तुमचं. माफ करा. हे मला, दिन्याला. लहानपणी माझं नाक ज्या पदराने पुसलं, त्या पदरात तिने हात जोडले होते.

आणि मी काय केलं असेल?

मी ती माफी घेतली.

म्हणालो, "असू दे मावशी. जनावर आहे ते, त्याला काय कळतं." मोठ्या मनाने म्हणालो. उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मला बरं वाटलं, हेही सांगितलंच पाहिजे. घटकाभर मला खरोखरच असं वाटलं की नुकसान माझं झालंय आणि मी कुणाला तरी माफ करतोय. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं माझ्या. ते बघून तिने आणखी मान खाली घातली.

भाऊसाहेबांना घालवा, असं कुणीही म्हणालं नव्हतं. नीता नाही, मी नाही, सावंतसुद्धा नाही. मावशीने आपणच ठरवलं. पूर्वी आमच्या गल्लीत पाटी घेऊन येणारी एक कोळीण कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहते, तिच्याकडे सोडायचं. तिथे मासळी सुकवतात, पोटाला कमी पडणार नाही. "एकटीला जमेल का?" म्हणत होती. मी म्हटलं, मी येतो सोबत. टॅक्सी मीच बोलावली.

भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भाऊसाहेबांना बसवलं आणि वर तिची जुनी साडी बांधली. भायखळ्यापर्यंत ते ओरडत होते, मग गप्प झाले. मावशी साडीवरून हात फिरवत त्यांच्याशी बोलत होती. "तिकडे ताजी मासळी आहे भाऊसाहेब. इथल्यासारखी डोकी-शेपट्या नाहीत." टॅक्सीवाला आरशातून बघून हसला. मीही हसलो.

तिथे पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बांबूंवर बोंबील टांगलेले, वाटेवर जाळी पसरलेली. कोळीण म्हणाली, "राहील गो, इथं कोन उपाशी मेलाय?" क्रेट उघडला. भाऊसाहेब बाहेर आले, अंग चोरून चार पावलं चालले. तिथली मांजरं भिंतीवरून बघत होती. भाऊसाहेब एकदम पळाले आणि उलट्या ठेवलेल्या एका होडीखाली शिरले.

मावशी गुडघे दुखत असतानाही खाली बसली. होडीखाली वाकून हाक मारू लागली. "भाऊसाहेब, या. एकदा बाहेर या. मी जाते आता." आतून नुसते डोळे दिसत होते. "या ना. निघतेय मी." ते आले नाहीत.

तेव्हा सांगता आलं असतं. तिथे बायको नव्हती, इमारत नव्हती, कुणी ओळखीचं नव्हतं. 'मावशी, उठा, त्याला घेऊन घरी चला, त्याने काही केलेलं नाही.' एवढंच म्हणायचं होतं. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, तुम्हाला शपथेवर सांगतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मावशी, उशीर होतोय. मला ड्युटी आहे."

ती लगेच उठली. "हो हो," म्हणाली, "तुमचा खोळंबा झाला."

मी नीताला नवे मासे आणून दिले. ती पुन्हा तळ्यावर बसू लागली. पण मावशी मागे आली नाही. नीताला वाटायचं, मी बोलले म्हणून मावशीने बोका सोडला. मावशीला वाटायचं, माझ्यामुळे पोरीचं तळं ओस पडलं. दोघी एकमेकींना बघून हसायच्या, बरं आहे ना विचारायच्या आणि आपापल्या घरात जायच्या. दोघींना आपलीच चूक वाटत होती. दोघींपैकी कुणाचीच नव्हती, आणि हे एकट्या मला माहीत होतं. मी रोज त्यांच्या मधून ये-जा करत होतो.

पावसाळ्यानंतर एकदा मावशीने मला दारात थांबवलं. कधी फोर्टकडे गेलात तर जरा पुढे जाऊन भाऊसाहेबांना बघून याल का, म्हणाली. मी गेलो. खरंच गेलो. कोळीण म्हणाली, "तो? तो आठ दिस बी नाय टिकला. इथल्या बोक्यांनी हाकलला त्याला. गेला कुठं तरी." मी होड्यांमधून फिरलो, चार ठिकाणी विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. घरी येऊन मावशीला सांगितलं, "दिसले. जाडे झालेत. मला बघून पळाले."

ती खूश झाली. "पळणारच," म्हणाली. "रागावलेत माझ्यावर." आणि कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली.

हे खोटं तिच्या सुखासाठी बोललो, असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. बोका नाही असं सांगितलं असतं, तर ती रडली असती, आणि तिचं रडणं बघून मला बाकीचं सांगावं लागलं असतं. म्हणून बोललो.

मग तिचे गुडघे पारच गेले. भाचा आला आणि तिला बदलापूरला घेऊन गेला. खोलीला कुलूप लागलं. निघताना ती नीताच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "तुझा नवरा देवमाणूस आहे गं. माझ्या बोक्यासाठी टॅक्सी करून एवढ्या लांब आला." तिची पिशवी माझ्या हातात होती. मी ती गाडीत ठेवली.

इथे लिहिलं म्हणजे सांगून झालं असं होत नाही, एवढं मला कळतं. सांगायचं होतं तिला, आणि नीताला. मावशी आहे अजून, तब्येत बरी आहे. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी तिला अधूनमधून फोनही करतो.

गेल्या महिन्यात केला होता. नीता बोलली थोडंसं, मग मी घेतला. मावशीने विचारलं, मासे कसे आहेत. पिल्लं झालीत, मी सांगितलं. तिला फार आनंद झाला. मग सांगू लागली, भाच्याच्या बिल्डिंगखाली एक मांजर व्यायली आहे. त्यातलं एक पिल्लू रोज हिच्याच दारात येऊन बसतं. हाकललं तरी परत येतं.

"मग ठेवून घ्या की मावशी," मी म्हणालो. "तेवढीच सोबत."

"नको हो," ती म्हणाली. "उद्या कुणाचं काही नुकसान केलं तर? एकदा झालं तेवढं पुरे. मी दार लावून घेते. ओरडतं थोडा वेळ बाहेर, मग जातं."

मी "बरं" म्हणालो.